हौसेचीं वाहनें आणि त्यांवरील कर

शेतकऱ्याचा खटारा आणि इनामदाराची दमणी हीं दोन्हीं बैलांनींच ओढलीं जातात व एकाच रस्त्यानें जातात. तरी वाटेंत उभा असलेला माणूस एका नजरेंत सांगतो कीं, ही कामाची गाडी आणि ही बसावयाची. गांवांतील पोरालाहि जें कळतें, तें कायद्याच्या भाषेंत लिहावयास बसलें म्हणजे मात्र मोठमोठ्या पंडितांची त्रेधा उडते. हौसेसाठीं ठेवलेल्या वाहनावर कर बसवावा आणि कामाच्या वाहनास सूट द्यावी, हा विचार गेल्या पावणेतीनशें वर्षांत निरनिराळ्या देशांतील सरकारांना सुचत आला आहे. प्रत्येकानें हौसेची कांहीं तरी एक खूण ठरविली. आणि ती ठरल्याबरोबर लोकांनीं आपलीं वाहनें त्या खुणेच्या अलीकडे आणून उभीं केलीं.

इ. स. १७४७ सालीं इंग्लंड देश ऑस्ट्रियाच्या गादीच्या वारसाहक्कावरून पेटलेल्या युद्धांत गुंतला होता आणि तिजोरीवर मोठा ताण पडला होता. त्या वेळचे मुख्य प्रधान हेन्री पेल्हम यांनीं खासगी घोडागाड्यांवर वार्षिक कर बसविणारा कायदा पार्लमेंटकडून मंजूर करून घेतला. चार चाकांच्या गाडीस सालिना चार पौंड व दोन चाकांच्या गाडीस दोन पौंड, असा तो सरळ हिशेब होता. म्हणजे पहिली खूण ठरली ती चाकांच्या संख्येची.

गाडीच कां निवडली, याला कारण होतें. त्या काळीं इंग्लंडांत प्राप्तीवरील कर नव्हता; तो १७९९ सालीं आला. सरकारी अधिकाऱ्यानें घरांत शिरून मिळकतीची चौकशी करावी, हें तेथील लोकांस अत्यंत अपमानाचें वाटे. तेव्हां मिळकत मोजण्याऐवजीं तिचीं बाहेर दिसणारीं चिन्हें मोजावयाचीं, अशी युक्ति निघाली. घराच्या खिडक्या रस्त्यावरून मोजतां येत, म्हणून खिडक्यांवर कर आधींपासून होताच. घोडागाडी तर आपण होऊन रस्त्यावर येई, आणि येई ती मिरवावयास! जी वस्तु लोकांना दाखविण्यासाठींच घेतली, ती सरकारपासून लपविणार कशी? पुढें याच धोरणानें १७७७ सालीं पुरुष नोकरांवर, १७८४ सालीं बसण्याच्या व गाडीस जुंपण्याच्या घोड्यांवर, आणि १७९५ सालीं केसांना फांसावयाच्या पांढऱ्या भुकटीवरहि कर बसला. या शेवटच्या करानें भुकटी फांसण्याची चालच मोडत आणली, हा भाग निराळा.

सुप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या गाडीकराचा दोन ठिकाणीं विचार केला आहे, आणि दोन्ही विचार आजहि ताजे वाटतात. पहिला रस्त्यावरील जकातीचा. श्रीमंतांच्या शोभेच्या गाड्यांना वजनाच्या मानानें मालाच्या गाड्यांपेक्षां थोडी अधिक जकात लावली, तर श्रीमंतांच्या आळसाचा व डौलाचा गरिबांना आपोआप उपयोग होतो. कारण मालाची वाहतूक तेवढी स्वस्त पडते, असें त्याचें म्हणणें. दुसरा विचार कर केव्हां घ्यावा याविषयीं. गाडी नीट वापरली तर दहाबारा वर्षें टिकते. मग हा कर कारखान्यांतून ती बाहेर पडतांनाच एकदां कां घेऊं नये? स्मिथचें उत्तर व्यवहारी आहे. चाळीस-अठ्ठेचाळीस पौंड एकरकमी मोजण्यापेक्षां वर्षाला चार पौंड देणें गाडी घेणाऱ्यास अधिक सोयीचें. महाराष्ट्रांत आज नवी मोटार घेणारा गृहस्थ आयुष्याचा कर एकदांच भरून मोकळा होतो; स्मिथनें नापसंत केलेला मार्गच आपल्या सरकारानें पतकरला आहे. अर्थात् दरवर्षीं लाखों लोकांच्या मागें वसुलीसाठीं फिरण्याचा ताप स्मिथच्या काळीं एवढा नव्हता, हेंहि ध्यानांत ठेवावें लागेल.

चाकांची खूण लौकरच अपुरी पडूं लागली. लहान शेतकऱ्याचा किंवा दुकानदाराचा छकडाहि दोन चाकांचाच असे. सोमवारीं त्यांत बटाटे, रविवारीं त्यांतच बायकामुलें. त्या छकड्याला कामाचा म्हणावें कीं हौसेचा? या प्रश्नावर इंग्लंडच्या कायद्यानें अठराव्या शतकाच्या शेवटास दिलेलें उत्तर मोठें मौजेचें आहे. ‘टॅक्स्ड कार्ट’ म्हणजे ‘कर भरलेला छकडा’ या नांवाचा एक वेगळा वर्ग पाडण्यांत आला व त्याला अगदीं हलका कर ठेवला. पण या वर्गांत बसावयाचें तर अटी कडक होत्या. गाडी निव्वळ लांकडाची व लोखंडाची असावी. तिला आंतून अस्तर नसावें. बैठक पक्की खिळलेली असावी, पट्ट्यांवर टांगलेली नसावी. रंग लावावयाचा तो लांकूड टिकण्यापुरता, तोहि काळपट. शोभेसाठीं एक रेघसुद्धां ओढूं नये. किंमत ठराविक आंकड्याच्या वर जाऊं नये. मागच्या फळीवर मालकाचें नांव, ठिकाण आणि ‘कर भरलेला छकडा’ हे शब्द ठळक लिहिलेले असावेत. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी कीं, गाडीला कमानी नसाव्यात.

कमानी म्हणजे काय हें टांग्यांत बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. चाक खड्ड्यांत आपटलें तरी बसणाराच्या पाठीला हादरा कमी बसावा, यासाठीं आंसावर बसविलेल्या पोलादी पट्ट्या. बटाट्यांच्या पोत्यांना त्यांची जरूर नाहीं, माणसाला आहे. म्हणून ज्या गाडीला कमानी ती माणसांच्या सुखाची, आणि जिला नाहींत ती कामाची, असा कायदेपंडितांचा तर्क. तर्क बिनतोड खरा. पण प्रार्थनेस जाणाऱ्या म्हातारीच्या कमरेनें त्या सवलतीची किंमत मोजली, हें या तर्कांत कोठेंच येत नाहीं. शिवाय मागच्या फळीवरील तीं अक्षरें म्हणजे गाडीवाल्याच्या ऐपतीची जाहिरातच होती. पुढें एकोणिसाव्या शतकांत ही सवलत सैल होत गेली आणि असल्या गाड्यांवरील कर शेवटीं पार उठला.

अमेरिकेंतील वसाहतींनीं करांच्या तंट्यावरूनच इंग्लंडचें जूं मानेवरून फेकून दिलें होतें. परंतु स्वतःचें सरकार चालवावयाची वेळ येतांच त्यांना इंग्लंडचेच कर आठवले. १७९४ च्या जून महिन्यांत तेथील काँग्रेसनें गाड्यांवर कर बसविला. मोठ्या बंद कोचगाडीस १० डॉलर, चॅरिअट नांवाच्या त्याहून लहान बंद गाडीस ८ डॉलर, फेटनला ६, असें उतरत उतरत दोन चाकांच्या उघड्या गाडीस १ डॉलर. शेतकामांत किंवा मालाच्या वाहतुकींत मुख्यत्वें गुंतलेल्या गाड्यांस पूर्ण माफी होती. इंग्लंडनें गाडीची बांधणी पाहिली, तर अमेरिकेनें तिचा नेहमींचा उपयोग पाहिला. ही दुसरी रीत माणसाला अधिक न्यायाची खरी, पण तींत प्रत्येक गाडी रोज काय करते हें कोणी तरी पाहात बसावें लागतें.

याच वर्षीं पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिम भागांतील शेतकऱ्यांनीं दारूवरील कराविरुद्ध बंड केलें. मक्याचें व राईचें धान्य डोंगरांपलीकडील बाजारांत नेणें परवडेना, म्हणून ते त्याची व्हिस्की करून विकीत. त्यांच्या दृष्टीनें तो चैनीवरचा कर नव्हे, पोटावरचा होता. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं सुमारें १३,००० शिपाई जमवून तें बंड मोडलें. गाड्यांचा कर ज्यांच्यावर बसला तेहि रागावले होते, परंतु त्यांनीं बंदुका उचलल्या नाहींत; वकील लावले.

व्हर्जिनियांतील डॅनियल हिल्टन या गृहस्थानें कर देण्याचें नाकारलें. प्रश्न राज्यघटनेचा होता. ‘प्रत्यक्ष कर’ बसवावयाचा तर तो संस्थानांच्या लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटून बसविला पाहिजे, असें घटनेंत कलम होतें. गाडीवरचा कर प्रत्यक्ष आहे, म्हणून तो असा वांटल्यावांचून बेकायदा आहे, असें हिल्टनच्या पक्षाचें म्हणणें. घटनेच्या शिल्पकारांपैकीं जेम्स मॅडिसन यानेंहि कायदेमंडळांत याच कारणासाठीं या कराला विरोध केला होता. दावा वरच्या कोर्टांत न्यावयाचा तर रक्कम दोन हजार डॉलर भरली पाहिजे अशी त्या वेळची अडचण होती. आणि एका चॅरिअटचा कर व दंड मिळून होतात फक्त १६ डॉलर. तेव्हां दोन्ही पक्षांनीं संगनमतानें कागदावर लिहून दिलें कीं, हिल्टनजवळ स्वतःच्या उपयोगासाठीं ठेवलेल्या, भाड्यानें न दिलेल्या, १२५ चॅरिअट आहेत! १२५ ला १६ नें गुणलें कीं बरोबर २,००० होतात. आणि हिल्टन हरला तर त्यानें प्रत्यक्षांत १६ डॉलरच द्यावयाचे, अशीहि तोड आधींच ठरलेली होती. न्यायाच्या पवित्र मंदिरांत ही लटकी गाड्यांची रांग उभी राहिली आणि कोणाला कांहीं वाटलें नाहीं.

१७९६ सालीं फिलाडेल्फिया येथें सर्वोच्च न्यायालयापुढें सुनावणी झाली. सरकारच्या बाजूनें उभा राहिला अलेक्झांडर हॅमिल्टन. तो आदल्या वर्षींच अर्थमंत्रिपद सोडून वकिलीकडे वळला होता. न्यायाधीश चेस यानें निकालांत जें उदाहरण घेतलें त्याची रीत शाळेंतील पोरालाहि समजेल. समजा, दोन संस्थानांची लोकसंख्या सारखी आहे, म्हणून दोघांवर कराची रक्कमहि सारखी, म्हणजे आठ हजार डॉलर, बसली. एकांत गाड्या आहेत एक हजार, दुसऱ्यांत फक्त शंभर. पहिल्या संस्थानांतला गाडीवाला ८ डॉलर देईल. दुसऱ्यांतल्याला तसल्याच गाडीचे ८० द्यावे लागतील. असला अन्याय घटनेला अभिप्रेत असणें शक्य नाहीं; म्हणून हा कर प्रत्यक्ष कर नव्हे, आणि तो कायदेशीर आहे. न्यायाधीश पॅटर्सन यानें आणखी एक मर्म उघड केलें. प्रत्यक्ष कराचें तें कलम मुळीं दक्षिणेकडील संस्थानांच्या संरक्षणासाठीं घातलेलें होतें. तेथें जमीन अफाट, वस्ती विरळ आणि गुलाम पुष्कळ. जमिनीवर व गुलामांवर भरमसाट कर बसूं नये हा त्याचा हेतु. हौसेच्या गाडीच्या आड कोणाची भीति उभी होती, हें यावरून ध्यानांत येतें. काँग्रेसचा कायदा घटनेस धरून आहे कीं नाहीं, याचा निवाडा त्या न्यायालयानें या खटल्यांत पहिल्यानेंच केला. गाड्यांचा तो कर पुढें १८०२ सालीं रद्द झाला. निकाल मात्र शंभर वर्षें वकिलांच्या उपयोगी पडला.

मोटार आली आणि चाकें मोजण्याची रीत निरुपयोगी ठरली, कारण चार चाकें सर्वांनाच. इंग्लंडचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनीं १९०९ च्या गाजलेल्या अंदाजपत्रकांत ‘अश्वशक्ति’ ही नवी खूण धरली. साडेसहा अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारीस २ पौंड २ शिलिंग, आणि साठाच्या वरच्या मोटारीस ४२ पौंड. रोग्यांकडे जाणाऱ्या डॉक्टरांना निम्मा कर. त्यांची मोटार कामाची, हें सरकारानें उमजून मान्य केलें. १९२१ सालापासून हा हिशेब आणखी सोपा झाला: एका अश्वशक्तीस एक पौंड.

पण ही अश्वशक्ति यंत्राला कामास लावून मोजलेली नव्हे. कारकुनाला बसल्या जागीं काढतां यावी म्हणून एक सूत्र ठरविलें होतें: यंत्रांतील नळकांड्याच्या व्यासाचा इंचांत वर्ग करावा, त्याला नळकांड्यांच्या संख्येनें गुणावें आणि अडीचनें भागावें. दट्ट्या वरखालीं किती लांब जातो, याचा या सूत्रांत पत्ताच नाहीं. मग कारखानदारांनीं काय करावें? नळकांडें बारीक केलें आणि लांब केलें. शक्ति हवी तेवढी मिळाली, कर कमी बसला. अमेरिकन फोर्डच्या ‘टी’ मोटारीचें नळकांडें पावणेचार इंच रुंद; तिला वर्षाला २३ पौंड पडत. १९२२ सालीं निघालेल्या इंग्लिश ‘ऑस्टिन सेव्हन’ला ८ पौंड पुरत. परदेशी मोटारींना दूर ठेवणारी ही एक आयती भिंत झाली. परंतु भिंतीच्या आंत वाढलेलीं तीं अरुंद, उंच यंत्रें वसाहतींच्या खडतर व उंच-सखल वाटांवर तितकीं पसंतीस उतरलीं नाहींत. हिंदुस्थानांत त्या काळीं अमेरिकन मोटारींचीच चलती होती, आणि १९२८ सालीं मुंबईंत शिवडीला जनरल मोटर्स कंपनीनें मोटारी जुळविण्याचा कारखानाहि घातला. इंग्लंडांत हें सूत्र उठून १९४८ पासून सर्व नव्या मोटारींस सारखा दहा पौंड कर लागला, तोंपर्यंत एका पिढीचे यंत्रशास्त्रज्ञ त्या अडीचच्या भागाकाराभोंवतीं फिरत राहिले.

या करांतून आलेला पैसा रस्त्यांवरच खर्च करूं, असें मोटारवाल्यांना सांगण्यांत आलें होतें व त्यासाठीं ‘रोड फंड’ नांवाची वेगळी थैलीहि होती. १९२६ सालीं अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं त्या थैलींत हात घातला. सत्तर लक्ष पौंड काढून सरकारी तिजोरींत टाकले. पुढल्या सालीं आणखी एक कोट वीस लक्ष. खासगी मोटारींच्या कराचा तिसरा हिस्सा हा चैनीवरचा कर समजावा आणि तो देशाच्या सर्वसाधारण खर्चास जावा, असेंहि त्यांनीं ठरविलें. मोटारवाल्यांनीं विश्वासघात झाल्याची ओरड केली. त्यांच्या तक्रारींत तथ्य होतें. पण चर्चिल यांचा मुद्दाहि उडवून लावण्यासारखा नव्हता. दारूचा कर देणारे लोक तो पैसा आपल्यावरच खर्च करा म्हणत नाहींत.

आपल्या मुंबईंत १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें वाहनांवर व जनावरांवर कर घेण्याचा अधिकार शहराला दिला होता. लोक त्याला चाकपट्टी म्हणत. जागोजागच्या म्युनिसिपालिट्या आपापली चाकपट्टी व नाक्यावरची जकात घेत, त्यामुळें दोन गांवांमधून जाणाऱ्या मोटारीला तीन ठिकाणीं थांबावें लागे. १९३५ सालीं मुंबई इलाख्यानें मोटारींसाठीं एकच प्रांतिक कर लागू केला, आणि आजचा महाराष्ट्राचा कर १९५८ च्या कायद्यावर उभा आहे. खासगी मोटारीस तो किंमतीच्या टक्केवारीनें पडतो, इंधनाप्रमाणें बदलतो, आणि मालक कंपनी असेल तर अधिक असतो.

राहतां राहिली ती चाकांवरचीं घरें, म्हणजे ज्यांत अंथरूण, चूल, पाणी सर्व कांहीं असतें अशा कॅराव्हॅन गाड्या. शुद्ध हौसेचें वाहन म्हणावें तर हेंच. परंतु येथें आतांपर्यंतचीं सगळीं मापें हरतात, कारण हें वाहन चैनीचेंहि असूं शकतें आणि कोणाचा एकुलता एक निवाराहि. इंग्लंडांत कॅराव्हॅन हेंच ज्याचें कायमचें बिऱ्हाड, त्याला घरावरील स्थानिक कर द्यावा लागतो. तेथें नव्या घरावर विक्रीच्या वेळीं मूल्यवर्धित कर शून्य, म्हणून ठराविक मापाच्या वरच्या, एका जागीं ठेवावयाच्या मोठ्या कॅराव्हॅनलाहि वर्षानुवर्षें शून्यच होता. १९१२ मध्यें नव्हे, अगदीं अलीकडे २०१२ सालीं अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनीं सुट्टींतल्या अशा कॅराव्हॅनवर २० टक्के कर जाहीर केला. हल शहराच्या परिसरांत हा धंदा मोठा आहे. तेथील कामगारांची रोजी जाण्याची वेळ आली, गिलबला झाला, आणि कर ५ टक्क्यांवर उतरून २०१३ च्या एप्रिलपासून लागू झाला. बारा महिने राहण्याच्या प्रमाणाला उतरेल अशी बांधणी असेल तर मात्र कर आजहि शून्य. जुन्या काळीं कमानींनीं ठरविलें, आतां थंडी अडविणाऱ्या भिंती ठरवितात.

जर्मनींत २.८ टनांहून जड गाड्यांना वजनाप्रमाणें स्वस्त कर पडे. तो मोटारघरांना तर लाभेच, पण शहरांत मिरवणाऱ्या धिप्पाड जीपगाड्यांचे मालकहि त्याचा फायदा उठवीत. ही वाट २००५ च्या मे महिन्यांत बंद झाली व २००६ पासून मोटारघरांसाठीं वजन आणि धूर यांवर आधारलेला वेगळा कर आला. मग जीपमध्यें गादी टाकून तिला घर म्हणणारे पुढें येणार, हें ओळखून कायद्यानें घराची व्याख्या केली: चुलीपाशीं माणसाला उभें राहतां यावें, निदान १७० सेंटिमीटर उंची असावी. पांच फूट सात इंच!

अमेरिकेंत हा कर संस्थानागणिक वेगळा. कॅलिफोर्नियांत दरवर्षीं गाडीच्या किंमतीवर आकार द्यावा लागतो. व्हर्जिनियांत, हिल्टनच्या त्याच व्हर्जिनियांत, परगणे गाडीला मालमत्ता समजून कर घेतात. मॉन्टाना संस्थानांत विक्रीकरच नाहीं. तेव्हां लाखों डॉलरचें मोटारघर घेणारे कित्येक गृहस्थ मॉन्टानांत कागदावर एक कंपनी काढतात आणि गाडी त्या कंपनीच्या नांवें नोंदवितात. गाडी त्या संस्थानांत एकदांहि गेलेली नसते. त्यांचीं स्वतःचीं संस्थानें अशा मालकांना हुडकून काढून दंड करूं पाहतात. आणि तीच गाडी कर्जानें घेतली असेल व तिच्यांत निजावयास, रांधावयास व शौचास सोय असेल, तर वॉशिंग्टनचें प्राप्तिकर-खातें तिला घर मानतें आणि त्या कर्जाचें व्याज, नियमांत बसेल तेवढें, उत्पन्नांतून वजा करूं देतें.